एका पायाचं माप

आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला यायचा, तेव्हा काळबांडे साहेबांच्या फाटकापाशी त्याला गाडी बंद करून उभं राहावं लागायचं. कारण साहेब त्या वेळी शून्य करत असायचे.

शून्य करणं म्हणजे काय ते सांगते. साहेब आपली रेसची सायकल कशाला न टेकवता सरळ धरायचे. एक पायडल बरोबर खाली, जमिनीकडे. त्यावर पाय नाही, हात नाही. मग हँडलवरच्या डबीएवढ्या यंत्राचं बटण दाबायचे आणि श्वास रोखायचे. डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारखी टोपी, अंगाला चिकटलेले कपडे, वय सत्तरीला टेकलेलं. तेवढा वेळ गल्लीत कोणी मोटरसायकल सुरू करायची नाही, कुत्रं हाकलायचं नाही, सुनेला हाक मारायची नाही. मग यंत्र टिंग करायचं, साहेब श्वास सोडायचे, हात वर करायचे आणि रहदारी सुरू व्हायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कुंपणावरून विचारलं, "काय करून राहिले गुलाबराव? सायकलची पूजा करता का?"

"माई, माल ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का नाही, ते पाहून राहिलो."

"आन् दूधवाल्यानं काय केलं?"

"त्याच्या गाडीनं जमीन हालते."

जमीन हलल्याने काही बिघडतं असं सायकलच्या दुकानदारानेही कधी सांगितलं नव्हतं. पण काळबांडे साहेबांना कोण सांगणार?

मी काटोलकडच्या खेड्यातली. चौथीपर्यंत शिकले. मुलाने इकडे हुडकेश्वरला घर बांधलं म्हणून शहरात आले. आमच्या भिंतीला लागून यांचं घर. गुलाबराव काळबांडे वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. कळमन्याच्या बाजारात ते शिरले की अडत्यांच्या हातातला चहा तसाच थंड व्हायचा म्हणे. खोटं वजन सापडलं की ते जप्त करायचं, त्याला चिठ्ठी बांधायची आणि पोत्यात टाकायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. नोकरी संपली. सवय संपली नाही. स्कूटरच्या डिकीत पितळेचं एक वजन अजून असतं. आमच्या चौकातली भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की आधीच दोन मिरच्या जास्त टाकते आणि म्हणते, "आले बावा, आता वांग्याचं देठ काढून मोजाले लावतीन."

एकदा मी त्यांच्या घरी तिळाचे लाडू दिले. दुसऱ्या दिवशी डबा परत करताना म्हणाले, "माई, लाडू छान होते. पण एकाचं वजन दुसऱ्याले लागत नव्हतं."

"तोंडात टाकाले दिले होते, तराजूत नाही," मी म्हटलं.

'असेल' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "पाणी गेलं असेल" म्हटलं की ते नळ उघडून पाहणार. "ताप असेल" म्हटलं की थर्मामीटर घेऊन हजर. "असेल नको, आहे का ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे गेले. आम्ही भेटायला गेलो. कोणीतरी हळहळून म्हणालं, बाबा नव्वदीचे असतील. गुलाबराव मुलाकडे वळून म्हणाले, "असतील म्हणजे? जन्मतारीख काय?" त्यांच्या बायकोने, नलूने, त्यांचा सदरा मागून असा ओढला की वरचं बटण तुटलं.

नलू माझी मैत्रीण. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण बसणं-उठणं बरोबरीचं. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसून काही ना काही निवडायचो. कमी बोलायची, पण बोलली की नेमकं. नवऱ्याच्या सायकलबद्दल म्हणायची, "माई, यायच्या पायडलले मीटर आहे वं. तोंडाले बसवणारा कोणी सापडला तर सांगा."

हे पायडलचं मीटर कसं आलं तेही सांगते. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सायकल चालवा म्हटलं. दुसऱ्या कोणी साधी सायकल घेऊन दत्ताच्या देवळापर्यंत चकरा मारल्या असत्या. हे जाऊन मिळाले तरुण पोरांच्या गटाला. ती पोरं पहाटे काटोल रोडला सायकली पळवतात. त्यांच्यात पराग नावाचा एक दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या सायकलवर यांनी ते यंत्र पाहिलं. पायडल ज्या दांड्याला बसवलेलं असतं, त्याला क्रँक म्हणतात. त्या दांड्याच्या आत जोर मोजायची सोय असते. पाय दाबला की दांडा केसाएवढा वाकतो, आपल्याला दिसतही नाही, पण यंत्राला कळतं. त्यावरून पायाने किती जोर लावला ते वॅटमध्ये हँडलवर दिसतं. विजेच्या दिव्याचे असतात तेच वॅट.

वजनमापाच्या माणसाला याहून काय पाहिजे? सरकारने त्यांच्या हातातून तराजू काढून घेतला होता, तो असा पायाखाली परत आला.

त्यांनी डाव्या बाजूचा एक दांडा आणला. काळा. वर्षभर त्याच्यावर खुश. फिरून आले की ओट्यावर येऊन मला वॅट सांगायचे. मी तांदूळ निवडत "हो का" म्हणायची. मग एक दिवस परतले ते तोंड पाडून. कोणी गेलं की काय असं मला वाटलं.

"माई, फसवणूक झाली."

"कोणी फसवलं?"

"दांड्यानं. तो फक्त डाव्या पायाचं मोजते. आन् त्याची दुप्पट करून दाखवते. उजवा पाय तेवढाच जोर लावत असेल, असं धरून चालते!"

"मग लावत असेल."

"असेल?" ते जवळजवळ ओरडले. माझ्या सुपात हात घालून त्यांनी तांदळाचे दोन ढीग केले. "मी हा एकच ढीग मोजला आन् म्हटलं, दुसरा तेवढाच असेल, तर चालते का?"

"मले चालते. तांदूळ माझा आहे."

पुढचे कित्येक दिवस जो कोणी घरी येईल त्याला हा धडा मिळायचा. गॅसवाल्याला, नळवाल्याला, पुण्याहून आलेल्या जावयाला. कोणाच्या हाती पोळ्या लागत, कोणाच्या हाती शेंगदाणे, पण ढीग दोनच व्हायचे. नलू आतून चहा घेऊन यायची, ढीग पाहायची आणि कप कुठे ठेवायचा म्हणून उभी राहायची.

शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंचा आख्खा नवा सेट आणला. चकचकीत. दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजणारा. जुन्या काळ्या दांड्याला त्यांनी 'खोटे' अशी चिठ्ठी चिकटवली, फडक्यात गुंडाळला आणि कपाटात टाकला. मोडीत देत नव्हते. "जप्तीचा माल विकता येत नाही," म्हणाले.

नव्या सेटने भलतंच उघडं केलं. त्यांचा उजवा पाय जास्त काम करत होता आणि डावा कमी. झालं. आपला पाय आपल्याशीच लबाडी करतो, हे त्यांना सहन होईना. "डावा कामचोर आहे, माई. उजव्याच्या जिवावर पेन्शन खाऊन राहिला." मग त्याला शिक्षा सुरू झाली. आमच्या पायऱ्या चढताना फक्त डावा पाय वर टाकायचे, उजवा नुसता मागून ओढायचे. भाजी घ्यायला डाव्या पायावर उभे. नलू म्हणाली, "असं एका पायावर उभं राहून राहिले, आता चोच तेवढी बाकी आहे." आम्ही दोघी डोळ्यात पाणी येईपर्यंत हसलो.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात नलू पडली.

सकाळी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती, हातातली कढई सुटली आणि ती तशीच खाली बसली. लकवा. डावा हात, डावा पाय गेला. तोंड वाकडं झालं. दवाखान्यात होती, मग घरी आणली. त्या दिवसानंतर गुलाबरावांच्या तोंडून डाव्या पायाला कामचोर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सायकल भिंतीला टांगली गेली. दूधवाला न थांबता येऊ लागला.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची. तिने स्पष्ट सांगितलं, हाताचं आत्ताच सांगता येत नाही, पण पाय परत येऊ शकतो. मात्र त्यांनी स्वतः जोर लावला पाहिजे. आपण कितीही हलवला तरी तो हलवलेला पाय. नुसता पडून राहिला तर आखडून जाईल, मग काही करता येणार नाही.

आणि नलू जोर लावत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बोलणं जड झालं होतं, शब्द लाळेसारखे घरंगळायचे, म्हणून कोणाशी बोलायचीच नाही. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायची. मी दटावलं, "नलू, पाय हालव. तुले उचलाले माझ्यात ताकद नाही." ती फक्त म्हणाली, "नका... छळू."

मी आजारी माणसाचे लाड करणारी बाई नाही. पण तिला तसं पाहून घरी आले की मला जेवण जात नव्हतं.

गुलाबरावांनी काय करावं? वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून घेतली. कोणाची तरी जुनी सायकल कापून तिचा मधला भाग त्यात बसवला. समोर हाताची खुर्ची. खुर्चीत बसायचं आणि पायडल मारायचं. स्वतःच्या सायकलचा नवा चकचकीत सेट काढून त्यात लावला. म्हणजे त्यांची सायकल आता भिंतीवर, तीही पायडलाशिवाय. पाय घसरू नये म्हणून नलूच्या जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला. आणि पहिल्या दिवशी तिला खुर्चीत बसवण्याआधी त्या चौकटीपुढे उभं राहून त्यांनी शून्य केलं. श्वास रोखून.

मी होते, व्यायामाची बाई होती. नलूने मनात नसताना पाय ठेवले. उजव्या पायाने पायडल फिरवलं, डावा पट्ट्यात बांधलेला, नुसता सोबत फिरत होता. थोडं फिरवून ती थांबली. धापा टाकत होती. आणि कित्येक दिवसांनी तिने आपणहून काहीतरी विचारलं.

"डावा... किती?"

गुलाबराव पडद्याकडे वाकले आणि बाजारात वाचून दाखवावं तसं खणखणीत वाचलं, "उजवा शंभरात शहाण्णव. डावा चार."

नलूने डोळे मिटले. "सोडा पट्टा."

त्यानंतर ती खुर्चीत बसायलाच तयार होईना. व्यायामाची बाई आली की भिंतीकडे तोंड. मी गुलाबरावांना फाटकापाशी गाठलं.

"गुलाबराव, बायकोले सांगून राहिले होते का अडत्यावर धाड घातली होती?"

"माई, आकडा तोच होता."

"होता तर होता. दोन मिनिटं घशात अडकला असता, तर जीव जात होता का तुमचा?"

ते फाटकाची कडी लावत, काढत उभे राहिले. मी आणखी दोन शब्द ठेवून दिले आणि घरी आले. माणसाला बोलायचं ते तोंडावर बोलावं, नंतर पाठीमागे पुटपुटू नये, असं माझं आहे.

दोन-चार दिवसांनी भिंतीपलीकडून चेनची कुरकुर ऐकू आली. मी गेले. नलू खुर्चीत बसली होती. गुलाबराव तिच्या पायाशी जमिनीवर, हातात यंत्राची डबी.

"फक्त डाव्या पायाचं लावलं आहे," मला म्हणाले. "उजव्याची लुडबूड नाही."

नलू पायडल ढकलत होती. कपाळावर घाम, ओठ दाताखाली. खरंच ढकलत होती. मांडीवरचं लुगडं हलत होतं.

"किती?" तिने विचारलं.

"सहा."

"सहा?"

"सहा वॅट. सकाळी चार होते."

तिने पुन्हा पाय दाबला.

मी पट्टा नीट करायला खाली वाकले, तेव्हा मला दांडा दिसला. तो काळा होता. त्यावर चिठ्ठी खरवडून काढल्याचा चिकट डाग होता, त्याला धूळ बसली होती.

मी पट्टा बांधून उठले. बाहेर आल्यावर विचारलं, "भाऊ, तो जप्तीचा ना?"

गुलाबरावांनी आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोला, माई."

"दुप्पट दाखवते तोच ना?"

"डाव्या पायाचंच मोजते तो. उजव्यानं कितीही रेटलं तरी..."

"दुप्पट दाखवते का नाही?"

"दाखवते."

"म्हणजे सहा म्हणजे तीन."

"तीन." हे ते इतकं हळू म्हणाले की मला त्यांच्या ओठांवरून कळलं. मग म्हणाले, "पण माई, चाराचे सहा झाले हे खरं आहे. वाढलं हे खरं आहे. मी तेवढंच..." आणि थांबले. जन्मभर दुसऱ्यांची वजनं पकडलेला माणूस पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत उभा होता. "तुम्ही नलूले सांगू नका."

मी पोटात काही ठेवत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मले तुमचे वॅट समजत नाहीत," आणि घरी आले.

पुढे रोज कुरकुर ऐकू येऊ लागली. नलू सकाळी बसायची, संध्याकाळीही बसायची. आकडा कधी वाढायचा, कधी कमी व्हायचा. कमी झाला की ती चिडायची. चिडली म्हणजे बरी आहे, असं मी समजायची. पावसाळा सरता सरता ती माझा दंड धरून मोरीपर्यंत पाय ओढत जाऊ लागली. पण बाहेरच्या माणसासमोर अजून तोंड उघडत नव्हती. कोणी आलं की डोळे बंद.

मग एक दिवस तो दातांचा डॉक्टर, पराग, संत्री घेऊन भेटायला आला. काका गटात का येत नाहीत ते पाहायला. पोरगा चांगला, पण तोंडाला लगाम नाही. नलू खुर्चीत होती, पाय पट्ट्यात. त्याला पाहून तिने लगेच डोळे मिटले. तो पिशवी ठेवतो न ठेवतो, तोच चौकटीपाशी बसला.

"वा काका! काय जुगाड केला! पण हा तर तुमचा तो जुना, एका बाजूचा..."

गुलाबराव म्हणाले, "पराग, संत्री काटोलची का?"

"हो. पण काका, काकूंसाठी हा कसा चालेल? हा तर डाव्याचं घेऊन सरळ..."

गुलाबराव उभे होते तिथेच उभे राहिले. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात दुसरीकडूनच आवाज आला.

"पराग."

नलूने डोळे उघडले होते. वाकड्या तोंडाने, पाहुण्यासमोर, ती बोलत होती.

"जी काकू?"

"आधी... चहा घे."

"घेतो ना काकू. मी म्हणत होतो, याच्यात आकडा..."

"आत्ता घे." तिने चांगला हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवला. "माई, याले... चिवडा द्या. खूप द्या."

मी दिला. बचक भरून बशीत ओतला आणि बशी त्याच्या हातात कोंबली. घास घशाखाली गेला की नलू त्याला दुसरं काही विचारायची. लग्न झालं का, आई कशी आहे, दात काढताना दुखते का. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता, घामाघूम झाली, लाळ पदराने पुसत होती, पण थांबली नाही. त्या पोराला ते दांड्याचं पुन्हा आठवूच दिलं नाही तिने.

गुलाबराव त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. मी बशी उचलत होते. दोन ढिगांचा तो धडा या घरात किती जणांनी ऐकला होता, ते माझ्या तेव्हा डोक्यात आलं. पाहुणे एकेकदा ऐकून गेले. चहा घेऊन बाहेर येणारी बाई प्रत्येक वेळी तिथे होती.

मी नलूकडे पाहिलं. ती हसत होती. अर्धं तोंड हसत होतं.

"तुले माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी... कळलं."

"दांडा पाहून?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "कान. यायचे कान वं. खोटं बोलले... की लाल होतात."

"हे कधी खोटं बोलले होते?"

"एकदाच. मले पाहाले आले... तेव्हा." ती थांबून थांबून सांगत होती. "मी सांबारवडी केली होती. मीठच... नव्हतं. आईनं विचारलं, कशी झाली. म्हणाले, बरोबर आहे. तीन खाल्ल्या." तिने श्वास घेतला. "कान असे... टमाट्यासारखे. मी दारामागून पाहत होती. तेव्हाच म्हटलं... हाच पाहिजे."

बाहेर फाटकाची कडी वाजली. नलूने हसू आवरलं, चेहरा नेहमीसारखा केला आणि उजव्या हाताने लुगडं गुडघ्यावर सारखं केलं.

गुलाबराव आत आले. आमच्या दोघींकडे आलटून पालटून पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही," नलू म्हणाली. "पट्टा सैल झाला... पाहा."

ते खाली बसले. पट्टा काढून पुन्हा बांधला, एक बोट आत घालून पाहिलं, फार आवळला तर नाही ना. डबी हातात घेतली. नलूने पाय दाबला. चेन कुरकुरली.

माझं काम नव्हतं तिथे. मी चप्पल घातली. पायरी उतरताना मागून ऐकू आलं.

"किती?"

"चोवीस."

"खरंच?"

"खरंच."

मी मागे वळून कान पाहिले नाहीत.